बाई उजवीकडे सरकली

बाई नेहमी खिळ्यावर उभी राहायची. खिळा म्हणजे समोरच्या भिंतीतला, दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, जिथे पूर्वी एका पतसंस्थेचं कॅलेंडर लटकायचं तो. रेकॉर्डवर सुई टेकवायची, खुर्चीत येऊन बसायचं, डोळे मिटायचे, की बाई यायची आणि बरोबर त्या खिळ्यापाशी तिचा सूर लागायचा. माझ्या डाव्या अंगाला सारंगी, उजव्या अंगाला तबला आणि दोन्ही कडांना एकेक तंबोरा. एवढी माणसं जागच्या जागी बसवायला माझी काही वर्षं गेली होती. वृषालीच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, गोकुळदादाच्या, मुलीच्या लग्नाहून आल्यावर आठवडाभराने मी दुपारचा वर आलो, भीमपलास लावला, डोळे मिटले, आणि बाई खिळ्यावर नव्हती. चांगली हातभर उजवीकडे सरकून उभी होती. सारंगी शेजारच्या बिऱ्हाडात वाजत असावी इतकी पुसट. डावा तंबोरा तर नव्हताच. मी उठलो, खुर्चीचे पाय फरशीवरच्या खुणांवर आहेत का पाहिलं, होते, पुन्हा बसलो. बाई तिथेच, तबलजीला खेटून. कुणीतरी माझ्या घरात शिरून, माझ्या माणसांना धक्के मारून, त्यांच्या जागा बदलून गेलं होतं. पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की जो कोण असेल त्याचा गळा धरावा.

लोकांना या खोलीबद्दल सांगायचं म्हणजे मला धाप लागते. जुन्नरच्या बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे आणि चष्मेवाल्याने गाणं ऐकायला वेगळी खोली बांधावी हे कुणालाच पटत नाही. घर गावाबाहेर आहे, वर ही एकच खोली. आम्हाला मूल नाही. असतं तर इथे दुमजली पलंग आणि अभ्यासाचं टेबल आलं असतं. नव्या स्लॅबच्या रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा. समोरासमोरच्या भिंती ती टाळी एकमेकींच्या अंगावर फेकत राहतात, टर्रर्र, जशी दोन सोयऱ्यांची भांडणं, कुणीच मागे घ्यायला तयार नाही. तो टर्रर्र मारायचा असतो. मी लाकडी चौकटी करून घेतल्या, पुण्याहून आणलेलं रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, त्यात भरलं, वरून सुती कापड ताणलं. पंधरा दिवस अंगाला खाज सुटली होती. कोपऱ्यांत घुमणारा खर्ज मारायला तिथे जाडजूड चौकटी उभ्या केल्या. दुकानाशेजारचा अंडीवाला म्हणाला, "भाऊ, अंड्याचे ट्रे चिकटवा की, लई आवाज मरतो." अंड्याच्या ट्रेने आवाज मरत नाही, पाहुण्यांची भूक तेवढी वाढते. त्याऐवजी मी उजव्या भिंतीला घोंगड्या टांगल्या, सोडलेल्या पडद्यासारख्या चुण्या घालून. डाव्या हाताला दार आणि दाराबाहेर लगेच खाली जाणारा जिना; दारावर जाड पडदा. येणारे विचारतात, बाहेरचा आवाज अडवला का हो? नाही. बाहेरचा आवाज येतो, खाली कुकरची शिट्टी झाली तरी येते. ही खोली आतल्या आवाजाला शिस्त लावायला आहे. माझ्या आयुष्यात शिस्तीत राहिलेली तेवढीच गोष्ट होती.

आणि आता तीही बिघडली. का बिघडली हे खालच्या मजल्यावर नूतनला, माझ्या बायकोला, त्याच दिवशी कळलं होतं. तिनं जिन्यातून हाक मारली, "अहो, चहा!" आणि मी घोंगड्यांच्या भिंतीकडे बघून "काय?" म्हणालो. ती दारात पडदा धरून उभी होती, माझ्या डाव्या हाताला, मी तिच्याकडे पाठ करून भिंतीला विचारत होतो. "कानाच्या डॉक्टरकडं जाऊन या," ती म्हणाली. "मी तरी येते बरोबर, रजा टाकते." नूतन घोडेगावला पंचायत समितीत आहे, तिची रजा म्हणजे मोठीच गोष्ट. मी म्हणालो, "कानात मळ आहे. आणि बिघाड खोलीत आहे." ती पडदा सोडून खाली गेली. लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या रुमालावर आलेली लाल रेघ तिनंच धुतली होती.

तो दिवस मला सलग आठवत नाही. आठवतो तो तुकड्यांनी आणि प्रत्येक तुकडा वाजतो. आमचं गाव घोडेगावच्या पुढे, डिंभ्याच्या वाटेवर. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवडहाळे असतात. भावकी, सोयरे, शेजारपाजारची गावं आंब्याजांभळाच्या डहाळ्या बैलगाड्यांत घालून वाजतगाजत लग्नघरी आणतात आणि मग माईकवर एकेकाचं नाव पुकारून त्याला टोपी-टॉवेल देतात. माणसं जेवण विसरतात, अक्षता विसरतात. मांडवात पुकारलेलं नाव विसरत नाहीत आणि राहिलेलं नाव तर नातवाला सांगून मरतात. दादानं डीजे आणला होता. ट्रकवर खोक्यांची भिंत, माणसाच्या दुप्पट उंच. तिचा ठोका सुरू झाला की ओट्यावरची पितळी घागर आपोआप सरकायची, बैल डोळे पांढरे करून जू ओढायचे, माझ्या छातीत कुणीतरी दुसराच माणूस राहायला आल्यासारखं व्हायचं. मी त्या डीजेच्या पोराला जाऊन सांगितलं की बाबा, तुझ्या दोन खोक्यांच्या वायरी उलट्यासुलट्या लागल्यात, एक ढकलतंय तेव्हा दुसरं ओढतंय. तो म्हणाला, "काका, नाचायचं तर नाचा, नायतर सावलीला बसा." सावलीला आई बसली होती, आमची झुंबरबाई, ऐंशीच्या पुढची, कानांवर पदर घेऊन. आईला त्रास होतोय असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. आईला मजा येत होती. मलाच सहन होत नव्हतं. मी ट्रकमागे गेलो आणि जनरेटर बंद केला.

मांडवात काय चाललंय याची कल्पना मला त्या क्षणी नव्हती. डीजे आणि माईक एकाच जनरेटरवर होते. नेमका त्याच वेळी नवरीच्या मामाचं नाव पुकारलं जात होतं. "मुलीचे मामा, श्रीयुत" एवढंच झालं आणि पुढे काही नाही. मामा टोपी घ्यायला वाकलेला, दादाच्या हातातला टॉवेल अर्ध्यावर, पाच गावच्या गाड्या उभ्या, आणि सगळीकडे शांतता. त्या शांततेत बैलांच्या गळ्यातले घुंगरू ऐकू आले. जांभळीच्या पानात वारा ऐकू आला. कुठेतरी गवार निवडत बसलेल्या बाया हसल्या ते ऐकू आलं, डावीकडून, अगदी स्वच्छ. माझ्या डाव्या कानाने ऐकलेली ती शेवटची गोष्ट. दादा गर्दीतून आला. मला वाटलं, काहीतरी विचारेल. त्यानं विचारलं नाही. चापटीचा आवाज सगळ्या मांडवानं ऐकला म्हणतात. मला तो आलाच नाही. मला कानाच्या आत ओलं फडकं फाटल्यासारखं काहीतरी झालं आणि मग एक बारीक शीळ सुरू झाली, ती अजून आहे. मी पन्नाशीला टेकलेला माणूस, गावातले निम्मे म्हातारे माझ्याकडून चष्मे घेतात. मी कानावर हात ठेवून उभा होतो आणि मामा दादाला समजावत होता, "जाऊ द्या दाजी, पोरकट हाय त्यो." चापटीपेक्षा ते मला जास्त लागलं. जनरेटर पुन्हा सुरू झाला. मामाचं नाव पहिल्यापासून पुकारलं. वृषाली माडीच्या खिडकीत मुंडावळ्या धरून उभी होती, तिनं मला पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. मी लग्नाला थांबलो, अक्षता टाकल्या, सगळ्यांशी हसून बोललो. दादाशी त्यानंतर एक शब्द नाही.

शब्द नाही, पण त्याच्याशिवाय दुसरा विचारही नाही. मी दुकानात बसून त्याला मारत होतो. हे हसण्यासारखं आहे, कारण माझ्याकडे हत्यार म्हणजे चष्म्याच्या काडीचा स्क्रूड्रायव्हर, उदबत्तीएवढा. तरी मी मारत होतो. कधी उसाच्या गुऱ्हाळात, त्याची बाही चरकात अडकलीय आणि मी इंजिन बंद करायला धावत नाहीये. कधी धरणाच्या भिंतीवर, नुसतं बोट लावायचं. कधी काहीच कल्पना नाही, नुसते दात, माझ्या मुठीवर त्याचे दात. गिऱ्हाईक विचारायचं, "नंबर वाढला का हो?" आणि मी दचकून म्हणायचो, "थोडासा." रस्त्यात एकदा मागून मोटारसायकलवाल्यानं डाव्या बाजूनं हॉर्न दिला असणार, मला ऐकू आला नाही, आरसा लागून माझा कोपर सोलपटला. तो थांबून ओरडला, "बहिरा हायेस का, राव?" मी त्याची कॉलर धरली. बाजारातल्या लोकांनी सोडवलं. मी बहिरा नव्हतो. मला त्याची आई-बहीण व्यवस्थित ऐकू येत होती, उजवीकडून.

खोली दुरुस्त करायला घेतली ती त्याच दिवशी. विचार साधा होता. बाई उजवीकडे झुकतेय म्हणजे उजवी भिंत आवाज जास्त फेकतेय. मी घोंगड्या दुप्पट केल्या. बाई हलली नाही, नुसती कोरडी पडली. मग डाव्या दाराचा पडदा काढून टाकला, म्हणजे डावी बाजू उजळ होईल. नाही. स्पीकर आत वळवले, बाहेर वळवले, डावा पुढे ओढला, वायरी बदलल्या, डाव्याची उजव्याला, उजव्याची डाव्याला. तरी डावीकडचं सगळं पुसट. दर वेळी खोलीच्या मध्यभागी उभं राहून टाळी वाजवायची, कान द्यायचा, खुर्चीत बसायचं. संध्याकाळपर्यंत तळहात लाल व्हायचे. नूतन एकदा वर आली तेव्हा मी तिला खुर्चीत बसवलं. "बाई कुठं आहे?" तिनं समोर बोट दाखवलं. "तिथं. मधोमध." मी म्हणालो, "नीट ऐक." "नीटच ऐकतेय. मधोमधच आहे." मी तिला म्हणालो की तुला रेडिओवरची जाहिरात आणि गाणं यातला फरक कळत नाही, तू काय सांगणार. ती उठली आणि दारातून म्हणाली, "खुर्ची उलटी फिरवा आन् पाठ करून बसा. मग बाई कुठल्या कानाला येती बघा, कोण बिघडलंय ते कळंल तुम्हाला." चष्मेवाल्याची बायको आहे ती. खुर्ची उलटी फिरवायला काय लागतं? मी ती फिरवली नाही. आठवडाभर ती खुर्ची माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

माझा धंदाच हा आहे, हे मला काय कळत नव्हतं? माणसाला समोर बसवायचं, एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने वाचायला लावायचं, मग उलट. दोन डोळ्यांनी वाचून दाखवणाऱ्यावर आम्ही कधी विश्वास ठेवत नाही. चांगला डोळा वाईटाचं सगळं झाकून घेतो, घरातल्या कर्त्या माणसासारखा. त्याच आठवड्यात वरच्या डोंगरातला जानकू नावाचा जीपवाला आला. कित्येक वर्षं घाटातून वडाप करतो, वाचायचा चष्मा पाहिजे म्हणाला. मी त्याचा उजवा डोळा झाकला. त्यानं आजूबाजूला मान फिरवली. मग म्हणाला, "लाईट गेली का, भाऊ?" मी हात काढला, लाईट आली. पुन्हा झाकला, पुन्हा गेली. तो हसायला लागला, मग हसता हसता थांबला, आणि खुर्चीचे हात घट्ट धरून बसला. म्हणाला, "म्हंजी मी इतके दिवस निम्म्याच घाटातनं येत व्हतो?" मी त्याला धीर दिला, मोठ्या डॉक्टरचा पत्ता दिला. तो गेल्यावर आरशासमोर उभा राहिलो. हात वर नेला, उजव्या कानापर्यंत नेला. मग केस सारखे केले आणि शटर ओढलं.

कान म्हणजे काय हे मला दादानंच शिकवलं होतं. बाजरीची राखण असायची. शेताच्या मध्यात चार खांबांवर मचाण, त्यावर आम्ही दोघं पाठीला पाठ लावून बसलेलो, हातात गोफण. पाखरांचा थवा उतरायच्या आधी हवेत एक फरफर येते, ती डोळ्यांना दिसायच्या आत कानाला कळली पाहिजे. दादा म्हणायचा, "डोळं मिट. आता सांग, कुठनं?" मी बोट दाखवायचो. चुकलं की टपली. बरोबर आलं की तो गोफण फिरवायचा आणि दगड नेमका तिथे जायचा, थवा आभाळात उधळायचा. "घराकडनं डावी बाजू तुझी, उजवी माझी," असं वाटून घेतलेलं. तो कधी मागे वळून पाहायचा नाही. डाव्या अंगाचं सगळं रान त्यानं माझ्यावर सोडलेलं असायचं. त्याची पाठ घामेजलेली, गरम, माझ्या पाठीला चिकटलेली, आणि तो श्वास घेई तेव्हा मी हलत असे. त्याच्या कानाचा शब्द गावात शेवटचा असे. घाटात अजून न दिसलेली गाडी एसटी आहे की ट्रक, भरलेली की रिकामी, तो ओट्यावरून सांगायचा. पुढे मी शिकलो, जुन्नरला आलो, गाणं ऐकायला लागलो. लोक म्हणतात, हा नाद कुठून लागला? मी कधी सांगितलं नाही. आणि मला वेड लावत होतं ते हेच, की माझं रान ज्यानं मला दिलं होतं त्यानंच ते एका हाताने काढून घेतलं.

शेवटी मला दोषी सापडला. डाव्या भिंतीला, दाराच्या वर, सिमेंटचा माळा होता, जुनी भांडी ठेवायला बांधलेला. हाच आवाज गिळतोय, मी ठरवलं. दुकान बंद ठेवलं आणि शेजारच्या बांधकामावरून घण आणला. स्पीकरवर चादरी टाकल्या. पहिला घाव घातला तेव्हा नुसतं सिमेंट पांढरं झालं. दुसऱ्या घावाला मी "हं" असा आवाज काढला आणि तो मला बरा वाटला. तिसऱ्यापासून तो माळा नव्हता. त्याला जबडा होता, गळा होता, मांडवातला फेटा होता. मी मामाला मारलं, डीजेच्या पोराला मारलं, लावून घेतलेली खिडकी फोडली, आणि प्रत्येक वेळी फिरून दादाकडे आलो. लोखंडाच्या सळया उघड्या पडल्या तशा त्या वाकवून पिळल्या. धूळ घशात गेली. हाताला फोड आले, फुटले, घणाचा दांडा ओला झाला. मला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. एका घावाला भिंतीचा मोठा ढपला दारावर पडला आणि चौकटीला तडा गेला. खालून नूतन ओरडत होती. मी घोंगड्यांच्या भिंतीला म्हणालो, "झालंच!" ती वर आली, धुळीत उभी राहिली, माझे हात पाहिले. रडली नाही. खाली गेली आणि फोन लावला. तिचं मला फक्त एवढंच ऐकू आलं, "दादा, तुमीच या. घर पाडायला काढलंय. आईंनाबी आणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. मी राडारोडा कोपऱ्यात लोटला होता, फरशी पुसली होती, स्पीकर पुन्हा जागेवर, खुर्ची खुणांवर. माळा गेला होता आणि बाई अजून तबलजीपाशीच होती. आईला खाली बसवून दादा एकटा वर आला. पडदा नव्हता, तरी त्यानं चौकटीपाशी थांबून हात असा बाजूला केला, पडदा असल्यासारखा. तडा गेलेल्या लाकडावर बोट फिरवलं. म्हातारा दिसत होता. मी त्याला इतक्या वेळा मारलं होतं की तो अजून धडधाकट आहे याचंच नवल वाटलं.

"काय चालवलंस हे, आप्पा?" तो म्हणाला. मी मान फिरवून उजवा कान त्याच्याकडे केला.

"नूतन रडत व्हती फोनवर," तो म्हणाला. ती रडली नव्हती, पण त्याला तसं ऐकू आलं असेल तर रडली असेल. "चार माणसांत तू तसं कराय नाय पायजे व्हतं. मामाचं नाव चाललं व्हतं. माझ्या पोरीला तिकडं जन्मभर ऐकाय लागलं असतं."

"बस," मी म्हणालो.

"कुठं?"

"खुर्चीत. एक सांग फक्त. मग जा."

तो बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी भीमपलास लावला आणि त्याच्या समोर, बाईकडे पाठ करून उभा राहिलो. तंबोरे लागले, मग बाईचा सूर आला. दादानं जन्मात असलं गाणं ऐकलं नव्हतं. मला वाटलं हसेल, किंवा म्हणेल, ह्याच्यासाठी घर पाडलंस? माझी तशी इच्छाही असावी. हसला असता तर सगळं सोपं झालं असतं.

"डोळं मिट," मी म्हणालो. "कुठं उभी हाय बाई?"

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मचाण त्यालाही आठवलं असणार, कारण त्यानं डोळे मिटले आणि मान थोडी तिरकी केली, अगदी तशीच. श्वास धरला. मग उजवा हात उचलला, तोच, आणि बोट सरळ केलं. मी मागे वळून पाहिलं. बोट खिळ्यावर होतं, केसभरही इकडे तिकडे नाही.

"हितं," तो म्हणाला. "खिळा हाय नव्हं, तितं. ह्या डाव्या अंगाला सारंगी. लई गोड वाजवतोय. आन् पार कडंला तंबोरा हाय एक, तसाच दुसरा पल्याडच्या कडंला." त्याच्या तोंडावर हसू आलं होतं. "मधी उभी राह्यल्यावानी वाटती की रं. नाव काय बाईचं?"

त्यानं डोळे उघडले. मी कसा उभा होतो ते पाहिलं, मान वळवून, एक बाजू त्याच्याकडे करून. त्याचं हसू गेलं. त्याच्यासारख्याला सांगावं लागत नाही. ओट्यावर बसून जो न दिसलेली गाडी ओळखतो त्याला समोरचा माणूस का ओळखू येऊ नये. त्याचा चेहरा आधी राखेसारखा झाला, मग लहान पोरासारखा.

"कुठला कान?" तो म्हणाला. "डावा? आप्पा, मी मारल्यापासनं?" आणि त्याचा हात वर आला, सावकाश, माझ्या कानाकडे. त्याला फक्त हात लावायचा होता. मला ते दिसत होतं. मांडवातल्या चापटीपेक्षा मला त्या हाताची जास्त भीती वाटली, कारण तो एकदा कानाला लागला असता तर मी ओक्साबोक्शी रडलो असतो आणि मग माझ्यापाशी काहीच उरलं नसतं. मी मारलं. घणाने दंड अजून ठणकत होते, तरी सगळा हात त्यात घातला. त्याच्या डाव्या कानावर. टोपी गुडघ्यावरून उडाली.

कितीतरी दिवस मी या खोलीत टाळ्या वाजवत होतो. अशी एकही वाजली नव्हती. एकच आवाज, कोरडा, नेमका, आणि संपला. भिंतींनी तो फेकला नाही, कोपऱ्यांनी घुमवला नाही. खोली अगदी बरोबर झाली होती. मी वाट पाहत होतो की दादा उठेल, मला धरेल, भिंतीवर आपटेल. मला तेच हवं होतं. तो उठला नाही. कानावर हात धरून बसून राहिला आणि बाईकडे पाहत राहिला. काहीच परत आलं नाही.

मी त्याच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसलो, त्याच्यासारखंच खिळ्याकडे तोंड करून. त्याचा गुडघा माझ्या खांद्याला लागत होता. रेकॉर्ड चालूच होती. मी विचारलं, "आता कुठं हाय?"

त्यानं डोळे मिटले, मान तिरकी केली. बोट वर आलं, खिळ्याकडे गेलं, तिथे थांबेना, पुढे सरकलं, तबल्याकडे, आणि खाली आलं. त्याच्या कानातून काही येतंय का ते बघायला मी मान वर केली, तर त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला बघू दिलं नाही.

तेवढ्यात आईनं जिन्यातून हाक मारली. "काय पडलं रं वर? गोकुळ? आप्पा?" ती अर्धा जिना चढून आली असावी, काठीचा टकटक आवाजही होता. आम्ही दोघांनीही एकदमच मान वळवली, उजवीकडे, आणि घोंगड्या टांगलेल्या भिंतीला म्हणालो, "काय नाय, आई." दार डाव्या हाताला होतं.